मर्यादवेल दर पावसाळ्यात कुजते, आणि कुजली नाही तरी फुलत नाही

जूनमध्ये तजेलदार, जुलैअखेर पिवळी, गणपती येईपर्यंत काळी. समुद्रापासून दूर राहणाऱ्या ज्यांनी ज्यांनी हौसेने मर्यादवेल, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत पसरणारी ती वेल, लावली, त्यांची तक्रार दरवर्षी साधारण अशीच असते. मग पुढच्या मे महिन्यात कुणी अलिबागहून, कुणी गुहागरहून नवा फुटवा आणतं आणि तोच खेळ पुन्हा सुरू होतो. दोष पावसाला दिला जातो. पण रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथे ही वेल मजेत पसरलेली असते. पुण्यात त्याच्या पाव हिश्शाइतका पडतो आणि इथे ती कुजते. तेव्हा पावसाला सोडून देऊ आणि मातीकडे वळू.

त्याआधी एक खातरजमा करा, कारण निम्म्या तक्रारी मर्यादवेलीच्या नसतातच. नर्सरीत ‘रेल्वे क्रीपर’ या नावाने जी मिळते, ती बहुतेक वेळा तिची चुलत बहीण असते. तिचं पान पाच-सात बोटांत चिरलेलं असतं आणि ती कुंपणाला, तारेला विळखे घालत चढते. ‘समुद्रशोक’ म्हणून मिळणारी वेल आणखी वेगळी. तिची पानं मोठी, हृदयाच्या आकाराची, खालून रुपेरी लव असलेली. नावात समुद्र आहे म्हणून ती वाळूतली ठरत नाही. खऱ्या मर्यादवेलीचं पान आपट्याच्या पानासारखं टोकाला दुभंगलेलं असतं, पण जाड, गुळगुळीत आणि चिवट. देठ तोडला की पांढरा चीक येतो. फूल फिकट जांभळं-गुलाबी, नरसाळ्याच्या आकाराचं, आत गडद छटा. ती जमिनीवर लोळत जाते, वर चढत नाही. शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-काप्री. म्हणजे आपल्या रताळ्याच्याच कुळातली. रोपाच्या कोवळ्या पानांना खाच उथळ असते, तेवढ्यावरून घाबरून जाऊ नका.

कुजण्याचं खरं कारण

पुळणीवरच्या, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत कितीही पाणी ओता, काही क्षणांत खाली जातं, आणि त्याच्या मागोमाग हवा आत शिरते. मर्यादवेलीच्या मुळांना या हवेची सवय आहे. काळ्या मातीत किंवा सोसायटीच्या बागेत टाकलेल्या भरावाच्या मातीत पाणी दिवसच्या दिवस मुरून राहतं, कणांमधल्या सगळ्या जागा त्यानेच भरतात आणि मुळं गुदमरतात. गुदमरलेल्या मुळांवर बुरशी बसायला वेळ लागत नाही. आपल्याला दिसते ती बुरशी. त्यामुळे लोक कॉपर ऑक्सिक्लोराइडसारखं बुरशीनाशक ओततात, ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी घालतात आणि पाणी मात्र तिथल्या तिथे साचलेलं राहतं. ट्रायकोडर्मा वाईट नाही, पण त्याचा उपयोग कुजायच्या आधी, आणि तोही निचरा असेल तर.

आणखी एक गोष्ट निदानाला अवघड करते. या वेलीचं खोड मांसल असतं, त्यात पाणी साठलेलं असतं. बुंधा मेला तरी शेंडे आठ-दहा दिवस हिरवेगार राहू शकतात. म्हणजे वेल मरते जुलैत आणि आपल्याला कळतं ऑगस्टात. अधल्यामधल्या दिवसांत पानं थोडी मलूल दिसली की ‘तहान लागली असेल’ म्हणून कुणी तरी पाणीही घालतं. भर पावसाळ्यात!

तेव्हा पावसाळ्यात पान मलूल दिसलं की आधी बुंध्याशी, मातीला टेकलेल्या जागी, खोड दोन बोटांत दाबून पाहा. टणक असेल तर काळजी नाही. मऊ लागलं, साल सुटून हातात आली, वास आला, तर तिथून खालचा भाग गेला असं समजा. उन्हाळ्यात मात्र दुपारी मान टाकून संध्याकाळी पुन्हा ताठ होणारी पानं म्हणजे आजार नव्हे. ती तशीच वागते.

कुजलेली वेल वाचवायची असेल तर त्याच दिवशी कात्री घ्या. शेंड्याकडून मागे येत येत, जिथे कापल्यावर आतला भाग स्वच्छ हिरवट-पांढरा दिसतो आणि चीक येतो, तिथपर्यंतचा भाग राखा. तपकिरी वर्तुळ दिसलं तर आणखी पुढे कापा. राखलेल्या वेलीचे तीन-चार पेरांचे तुकडे करा आणि ओलसर वाळूच्या ट्रेमध्ये आडवे ठेवा, दोन पेरं वाळूखाली जातील असे. उभे खोचू नका. लोळणाऱ्या वेलीला आडवं पडूनच मुळं फुटायची सवय आहे. ट्रे पावसात नको, आडोशाला पण उजेडात. जुनी माती त्याच कुंडीत पुन्हा वापरू नका.

किनाऱ्यावर ती का टिकते याचं दुसरं कारण मला निचऱ्याइतकंच महत्त्वाचं वाटतं आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. पुळणीवर या वेलीचे धुमारे दहा-वीस मीटर लांब जातात आणि जवळजवळ प्रत्येक पेराला स्वतःची मुळं फुटतात. उधाणाने मधला भाग उखडला, मूळ बुंधा गेला, तरी पुढची वेल आपल्या मुळांवर जगते. बागेत आपण काय करतो? वेल नीटनेटकी दिसावी म्हणून ती कुंडीत गोल गुंडाळतो, जाळीला बांधतो किंवा गच्चीच्या कठड्यावरून खाली सोडतो. मग वीस फूट वेलीचा सगळा भार एकाच बुंध्यावर. तो बुंधा जुलैत कुजला की सगळंच संपलं. ही वेल बांधायची नाही. एप्रिल-मेमध्येच धुमारे जमिनीवर सरळ पसरवा, साधारण फूटभर अंतराने पेरावर मूठभर वाळू टाका आणि तारेचा उलटा ‘यू’ करून खोड दाबून ठेवा. मृग लागेपर्यंत चार-पाच ठिकाणी मुळं धरलेली असली, तर एखादं ठिकाण कुजून जाणं परवडतं. गच्चीवर असाल तर शेजारी वाळूने भरलेली दुसरी, तिसरी कुंडी ठेवा आणि वेल तिकडे वळवा. तापलेल्या स्लॅबवर पसरलेली वेल होरपळते ती बहुतेक याचसाठी. पुळणीची वाळूही दुपारी पाय ठेववत नाही इतकी तापते, पण तिथे पेरांखाली मुळं असतात.

वाफा कसा करायचा

जागा निवडण्याआधी फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, मुरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दोन-तीन तासांत गेलं नाही तर त्या जमिनीत मर्यादवेल थेट लावू नका. तिथे गादीवाफा हवा, निदान दीड फूट उंच. कोकणातल्यांनीही ही परीक्षा करावी. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे म्हणून घरामागची जमीन वाळूची होत नाही. जांभ्याच्या कातळावर वीतभर माती असेल तर आषाढात तिथे अक्षरशः तळं होतं.

मिश्रण माझ्या मते सात वाटे जाड वाळू, दोन वाटे साधी माती आणि एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट. वाळू चाळलेली आणि धुतलेली हवी. हल्ली सर्रास मिळते ती क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. तिच्यातली बारीक पूड धुऊन काढली नाही तर ती पावसात सिमेंटसारखी बसते आणि सगळ्या खटाटोपावर पाणी पडतं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, अजिबात नको. नर्सरीतून आलेलं रोप बहुधा कोकोपीटमध्येच असतं, तेव्हा लावताना मुळांभोवतालचं कोकोपीट हलक्या हाताने झटकून टाका. नाहीतर बाहेर वाळू कोरडी आणि मधोमध ओला गोळा अशी अवस्था होते आणि वेल त्या गोळ्यातच कुजते.

कुंडीच्या तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालून वर नेहमीची माती भरायची, ही आपल्याकडची जुनी रीत. या वेलीसाठी ती कुचकामी आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींमध्ये सहज उतरत नाही. ते मातीच्या तळाच्या थरातच धरून राहतं, आणि खडीमुळे तो थर उलट मुळांच्या आणखी जवळ येतो. संपूर्ण मिश्रणच भरड असायला हवं. कुंडी निदान दीड फूट खोल घ्या, भोकं मोठी, आणि खाली बशी नको.

आळं करू नका. हाताला इतकी सवय असते की रोप लावलं की आपोआप भोवती आळं होतं. इथे उलटं करायचं: बुंध्याशी उंचवटा, उतार बाहेरच्या बाजूला. पालापाचोळ्याचं आच्छादनही नको. ओल्या पाचोळ्याखाली खोड मऊ पडतं. आच्छादन घालायचंच असेल तर बारीक खडीचं घाला.

पाणी रोप धरेपर्यंत नियमित द्या. नंतर वरची चार बोटं वाळू पूर्ण कोरडी झाल्याशिवाय देऊ नका. जमिनीतल्या जुन्या वेलीला घाटावरच्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी दिलेलं पाणी पुरतं. ठिबकच्या नळीवर तुळस, गुलाब आणि मर्यादवेल एकत्र असतील, तर तिची नळी बंद करा.

समुद्राची वेल आहे म्हणून मीठ घालणारेही असतात. काही जण तर किनाऱ्यावरून बाटलीत पाणी आणून घालतात. ती खार सहन करते, तिला खार लागत नाही. बी तर खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यातच चांगलं रुजतं. किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याचा तिला फायदा एवढाच, की तिच्याशी भांडणारी बाकीची झाडं तिथे टिकत नाहीत. बागेत ती सगळी टिकतात. हरळी आणि लव्हाळा पहिल्या वर्षी तिला सहज दाबून टाकतात, तेव्हा मिठाऐवजी खुरपं हातात घ्या. आणि चिकण मातीत मीठ गेलं की सोडियममुळे मातीचे कण विस्कटतात, माती आणखी चिकट होते आणि होता तो निचराही जातो.

वेल जगली, पण फुलं नाहीत

आधी हे सांगा, तुम्ही बाग कधी बघता? फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटून कोमेजतं. सकाळी सातला घर सोडून संध्याकाळी परतणाऱ्याला मर्यादवेल कधीच फुललेली दिसणार नाही. पानांच्या बेचक्यात पीळ पडलेल्या, सुरकुतलेल्या पाकळ्यांच्या गुंडाळ्या सापडतात का ते पाहा. सापडल्या तर वेल फुलते आहे. रविवारी आठ वाजता बाहेर या.

खरंच कळ्या नसतील तर पहिला संशय खताचा. पानं तळहातापेक्षा मोठी, गडद, लुसलुशीत. दोन पेरांमधलं अंतर लांबलचक. कळीचा पत्ता नाही, ही नत्र जास्त झाल्याची खूण. उघड्या वाळूत जवळजवळ काहीच नसतं, आणि तिथे ती भरभरून फुलते. आपण मात्र दर पंधरा दिवसांनी जीवामृत, मधूनमधून केळ्याच्या सालीचं पाणी, शिवाय फुलं येत नाहीत म्हणून डीएपी हे रासायनिक खत. जीवामृतावर माझा राग नाही, माझ्या वांग्यांना मी घालतोच. पण या वेलीला लागवडीच्या वेळी घातलेलं एक वाटा शेणखत वर्षभर पुरतं. खत बंद केल्यावर लगेच फरक दिसत नाही. वाळूतून नत्र पावसाने लवकर धुऊन जातं, तेव्हा एक पावसाळा जाऊ द्या. वाट न बघता वेल छाटत सुटलात तर पुन्हा पानंच येतील.

दुसरा संशय उन्हाचा. निदान सहा तास थेट ऊन हवं, आणि ते जिथे फुलं हवीत त्या महिन्यांत. इथे एक चकवा आहे. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे भिंतीलगतच्या वाफ्यातही ऊन दिसतं आणि आपण तिथे वेल लावून मोकळे होतो. डिसेंबरात पुण्याच्या आकाशात सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम 48 अंश वर असतो. म्हणजे दहा फुटी भिंतीची सावली बाराच्या सुमारासही उत्तरेला नऊ फूट पडते. चार मजली इमारतीचा हिशेब तुम्हीच करा. पावसाळ्यात ढग, आणि ढग गेल्यावर भिंतीची सावली. वेलीला फुलायला वेळच उरत नाही. वाफा इमारतीच्या दक्षिणेला किंवा उघड्या गच्चीवर असावा.

पहिल्या वर्षी फुलं आली नाहीत तर काळजी करू नका. ती त्या वर्षी मुळं घालण्यात गुंतलेली असते.

फुलं येतात पण बी धरत नाही, हाही प्रश्न अनेकांना पडतो. एकाच वेलीच्या फुटव्यांपासून लावलेली सगळी रोपं ही मुळात एकच वेल असते, आणि मर्यादवेलीला स्वतःच्या परागाने बी सहसा धरत नाही. दुसऱ्या ठिकाणाहून आलेली आणखी एक वेल आणि भुंगे-मधमाश्या, दोन्ही लागतात. बी मिळालंच, तर ते काळपट, लव असलेलं आणि भलतंच टणक असतं. समुद्रात महिनोन्‌महिने तरंगून दुसऱ्या किनाऱ्याला लागण्यासाठीच ते तसं बनलंय. तसंच पेरलं तर वर्षभर मातीत नुसतं पडून राहील. डोळ्याच्या विरुद्ध बाजूला पॉलिश पेपरवर घासा किंवा नेलकटरने बारीकसा टवका काढा, रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. सकाळी फुगलेली पेरा, न फुगलेली पुन्हा घासा.

थंडी, किडी वगैरे

घाटावर, विशेषतः नाशिक-निफाडकडे, थंडीत पारा खूप उतरला की वेल थबकते, पानं पिवळी पडून गळतात. मेली समजून उपटणारे बरेच आहेत. नखाने साल खरवडा. खाली हिरवं दिसलं आणि चीक आला तर ती जिवंत आहे. या काळात पाणी जवळजवळ बंद ठेवा आणि वाळलेला भाग फेब्रुवारीच्या अखेरीस कापा, आधी नाही.

पानांना गोल भोकं पडली तर सकाळी पानाच्या खालची बाजू बघा. चकचकीत सोनेरी, कासवासारखे चपटे भुंगेरे सापडतील. हाताने वेचले तरी पुरतं. पिठ्या ढेकूण गच्चीवरच्या वेलींवर जास्त दिसतो, त्याला पाण्याचा जोरदार फवारा आणि मग निंबोळी तेल. देठाशी मुंग्या फिरताना दिसल्या म्हणजे कीड लागलीच असं नाही. तिथे मध पाझरणाऱ्या ग्रंथी असतात, मुंग्या त्यासाठी येतात आणि बदल्यात काही किडींना पळवूनही लावतात. पिठ्या ढेकूण नसेल तर मुंग्यांच्या वाटेला जाऊ नका. मात्र रताळ्यातला सोंड्या भुंगा या वेलीवरही राहतो. रताळी लावत असाल तर दोघींना बागेच्या दोन टोकांना ठेवा.

फुटवा कुठून आणायचा

पुळणीवरची वेल उपटू नका आणि तिथली वाळूही भरून आणू नका. वाळूच्या टेकड्या किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत सर्वांत कडक संरक्षणाच्या गटात येतात, आणि त्या टेकड्या जागेवर धरून ठेवण्याचं काम ही वेलच करते. वेळास, आंजर्ले, मोरजी, गालजीबाग अशा कासवांच्या किनाऱ्यांवर तर थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत टेकड्यांवर पाय न टाकलेलाच बरा. उधाणानंतर तुटून भरतीरेषेवर पडलेले तुकडे असतात. त्यांतला टणक, हिरवा बघून उचला, घरी साध्या पाण्याने धुऊन आडवा लावा. नाहीतर किनाऱ्यावर ज्यांचं घर आहे, त्यांच्या कुंपणाशी ही वेल हमखास आलेली असते आणि ते ती दर पावसाळ्यानंतर छाटून फेकतात. नुसतं मागितलं तर पोतंभर देतील.

खड्ड्याचं पाणी रात्रभर तसंच राहत असेल, गादीवाफा करायला जागा नसेल आणि ऊनही चार तासांचंच असेल, तर मात्र मर्यादवेलीचा नाद सोडा आणि गोकर्ण लावा.